तबला मागे का पडतो? घरी मल्टिट्रॅक गाणं करणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. भांडुपचं वन रूम किचन, एक लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी), एक कंडेन्सर माइक. गाणं तुमचंच, केरव्यातलं भावगीत, चारेक मिनिटांचं. एका रविवारी तुमच्या आईंनी पेटी वाजवली. पुढच्या रविवारी मेहुण्यांनी ती हेडफोनवर ऐकत तबला वाजवला. नंतर तुम्ही गायलात. तिन्ही ट्रॅक एकत्र लावले तर तबला मागे पडल्यासारखा वाटतो, तुमचा आवाज बाथरूममधून आल्यासारखा येतो आणि सगळ्याच्या खाली एक घूं चालू असतं. आणि विचारताय की रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सोडून प्रो टूल्स घेऊ, की महागातला माइक घेऊ?

दोन्ही नको, निदान आत्ता नको. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आणि तुमच्या गाण्याला लागणारं सगळं त्यात आहे. मोठ्या स्टुडिओंत प्रो टूल्स दिसतं, कारण एका ठिकाणी सुरू केलेलं सेशन दुसऱ्या ठिकाणी जसंच्या तसं उघडायचं असतं. तुमच्या हॉलमध्ये ती गरज नाही. गॅरेजबँड घ्या, केकवॉक घ्या, क्यूबेस घ्या, तबला तेवढाच मागे पडला असता.

दुखणं दुसरीकडे आहे. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत साठ-सत्तरच्या दशकात गाणं व्हायचं तेव्हा गायक, तबला-ढोलकवाले, व्हायोलिनवाले, अरेंजर असे सगळे एकाच वेळी हजर असायचे. कुणाची लय जरा सरकली की बाकीचे नकळत सांभाळून घ्यायचे. मल्टिट्रॅकमध्ये प्रत्येक जण एकटा, वेगळ्या दिवशी, वेगळ्या मूडमध्ये वाजवतो. तुमच्या आईंनी पेटी वाजवली तेव्हा त्यांच्या कानात तबला नव्हता. मेहुण्यांनी तबला वाजवला तेव्हा तुमचा आवाज नव्हता. म्हणजे एकमेकांचं ऐकून वाजवणं, ज्यावर आपलं सगळं संगीत उभं आहे, तेच काढून घेतलं गेलं. घरच्या रेकॉर्डिंगमधले बहुतेक निर्णय, म्हणजे क्रम कुठला, कानात काय द्यायचं, क्लिक (लय धरायला कानात दिलेली टक-टक) लावायचा की नाही, हे सगळं ते ऐकणं परत मिळवण्यासाठी असतं. माइक त्यानंतर.

आता तबला. "मागे पडतो" हे तीन प्रकारचं असू शकतं आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. म्हणून काही विकत घ्यायच्या आधी एक तपासणी करा. गाण्यातल्या पहिल्या आवर्तनाची (तालाच्या एका पूर्ण फेऱ्याची) सम, म्हणजे पहिली मात्रा, शोधा, ट्रॅक झूम करा आणि पेटीचा स्वर आणि तबल्याचा धा यांत किती मिलिसेकंदांचं अंतर आहे ते बघा. मग मधल्या एखाद्या अंतऱ्याची सम आणि शेवटच्या आवर्तनाची सम. तीन आकडे कागदावर लिहा.

तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, समजा दीडशे ते दोनशे मिलिसेकंद, तर माझा संशय ब्लूटूथ हेडफोनवर. तुम्ही नुसतं "हेडफोन" लिहिलंय, वायरचे की बिनवायरचे ते लिहिलेलं नाही. ब्लूटूथमध्ये आवाज कानापर्यंत पोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण चित्रही तेवढंच मागे ठेवलेलं असतं. पण वाजवणारा जे ऐकतो त्यावर बरोब्बर वाजवतो, म्हणजे खऱ्या पेटीपेक्षा तेवढा उशिरा. दर मिनिटाला ९६ मात्रा अशी लय धरली तर एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची होते. दोनशे म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. कुणालाही खटकेल. मेहुण्यांचा यात काडीचा दोष नाही, त्यांना तसं सांगून टाका. अख्खा तबल्याचा ट्रॅक तेवढा डावीकडे सरकवा, काम झालं. आणि पुढच्या वेळी वायरचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. मी म्हणेन की तुमच्या यादीतली पहिली खरेदी हीच.

वायरचे हेडफोन असूनही वीस-तीस मिलिसेकंदांचा फरक येत असेल तर बफरकडे, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा जेवढा तुकडा साठवून मग पुढे पाठवतो त्याकडे, बघा. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचे २१ मिलिसेकंद, १२८ सॅम्पलचा म्हणजे तीनपेक्षा कमी. रेकॉर्ड करताना बफर लहान ठेवा, मिक्स करताना मोठा. विंडोज असेल तर इंटरफेसच्या कंपनीचाच एसिओ (ASIO) ड्रायव्हर टाका, विंडोजने आपणहून निवडलेला नको. स्वतःचा आवाज ऐकायला इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण वापरा, म्हणजे तो आवाज लॅपटॉपच्या फेऱ्यात जातच नाही. तरीही शंका असेल तर हेडफोनचा एक कान माइकला चिकटवा, सॉफ्टवेअरचा क्लिक वाजवा आणि तोच नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मूळ ठोका आणि रेकॉर्ड झालेला ठोका यांतलं अंतर मोजा आणि रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ते भरून टाका. एकदा केलं की त्या मशिनवर, तोच बफर आणि तोच सॅम्पल रेट ठेवला तर, पुन्हा बघायला नको.

अंतर वाढत वाढत गेलं असेल तर एखादा ट्रॅक मोबाइलवर रेकॉर्ड करून नंतर आणला होता का, ते आठवा. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी कधीच नसतात. पण तो फरक फार छोटा असतो: दहा लाखांत पन्नास धरला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद. त्याहून जास्त असेल तर घड्याळाला बोल लावू नका. फाइल ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची असून ४८ वर वाजवली गेली असेल तर ते लपणारच नाही: लय वाढते आणि पट्टी जवळजवळ दीड स्वर-घराने चढते. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधेच कुठेतरी लोंबकळायला लागतं.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो: कुठे मागे, कुठे पुढे, कुठे बरोबर. तुमचा हाच असावा असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं, बरोबर थोडं ब्लूटूथही असेल. पेटी एकटीने, ठेक्याशिवाय वाजवली की मुखड्याला एक लय लागते, अंतऱ्यात स्वर वर चढले की हात जरा धावतो, आणि मुखड्यावर परत येताना पुन्हा सैल पडतो. समोर माणूस बसला असता तर तबल्याने ते पेललं असतं. हेडफोनमधली पेटी मात्र तबल्याकडे बघत नाही. तबला तिचा पाठलाग करतो आणि पाठलाग करणारा नेहमी मागेच असतो. हे ट्रॅक सरकवून सुटत नाही. पुन्हा वाजवावं लागेल.

पुन्हा वाजवायचं तर आधी पायलट, म्हणजे नुसतं लय ठरवण्यापुरतं रेकॉर्डिंग, करा. एक दिवस तिघं एकत्र बसा, मधे तो एकच माइक ठेवा आणि गाणं सलग दोन-तीनदा गा-वाजवा. आवाज कसा येतोय याची फिकीर नको, हे कुणाला ऐकवायचं नाहीये. ज्या वेळी गाणं नीट डुललं ते निवडा. त्याच्यावर टॅप करून मुखड्याची लय काढा, अंतऱ्याची वेगळी काढा. समजा मुखडा ९४ आणि अंतरा ९७ आला. इथे निर्णय तुमचा. मी भावगीताला एकच लय सहसा लावत नाही, मुखडा ९४ आणि अंतरा ९६ असा टेम्पो सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवतो. आपली गाणी अंतऱ्यात जराशी पुढे जातात, ते काढून टाकलं तर गाणं बसकं वाटतं. तालमीच्या खोलीतला श्वास राहू द्या, घसरण तेवढी काढा.

सॉफ्टवेअरमध्ये एक बार म्हणजे एक आवर्तन असं बसवा. केरव्याला आठ मात्रांचा बार, दादऱ्याला सहाचा, रूपकला सातचा. रीपरमध्ये ते हवं तसं लिहिता येतं. फायदा असा की समेची रेघ पडद्यावर दिसते आणि एखादं आवर्तन उचलून दुसरीकडे ठेवायचं असेल तर ते समेवरच जाऊन बसतं. ९६ च्या लयीत चार मिनिटं म्हणजे ३८४ मात्रा, केरव्याची ४८ आवर्तनं. एवढं लिहून ठेवलं की गाण्याचा नकाशा तयार: प्रील्यूड दोन, मुखडा चार, म्युझिक चार वगैरे. सुरुवातीला दोन आवर्तनं रिकामी सोडायला विसरू नका, कारण तुमचा मुखडा समेआधी उचलला जात असणार आणि ती उचल कुठून घ्यायची हे कळायला मागे मोजणी लागते. सुरुवातीचा आलाप असेल तर तो क्लिकच्या बाहेर, मोकळा गा.

क्लिकबद्दल वादक मंडळी नाराज असतात आणि त्यांचं बरोबर आहे. टक-टक ऐकत तबला वाजवणं म्हणजे शिक्षा. त्याऐवजी साधा ठेका किंवा नुसती खंजिरी, टाळ यांचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) त्या लयीवर लावा. कान त्यावर आपोआप टेकतो. आणि गाण्याच्या शेवटच्या लांब स्वरावर, जिथे सगळं थांबतं, तिथे तो लूप बंद करून टाका, नाहीतर हेडफोनमधून गळून तो माइकमध्ये शिरतो आणि नेमका सर्वांत शांत जागी ऐकू येतो. पुढे कुठल्याही फिल्टरने तो निघत नाही.

या लूपवर आधी तुम्ही कच्चं गाऊन घ्या, पेटीही कच्ची वाजवून घ्या. मग पक्की पेटी, मग तबला, आणि सगळ्यात शेवटी तुमचं पक्कं गाणं. तबल्याच्या कानात तुमचा कच्चा आवाज असायलाच हवा. कडवं कुठे संपतंय, लग्गी (ठेक्यातली जलद भर) कुठे लावायची, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कुठे सोडायची, हे त्यांना शब्दांवरून कळतं, पेटीवरून नाही. कच्चा आवाज नंतर पुसून टाकायचा.

पेटी तबल्याच्या आधी का, तर पेटीचे सूर हलत नाहीत आणि तबल्याचे हलतात. तबला पेटीला लावता येतो, उलटं नाही. त्यातून मुंबईची हवा. पावसाळ्यात तबल्याचं पान, म्हणजे वरचं चामडं, ओलसर होऊन सैल पडतं, अर्ध्या तासात सूर खाली येतो. दर टेकच्या (एकदा सलग वाजवून रेकॉर्ड करण्याच्या) आधी पेटीचा षड्ज वाजवून तबला तपासा, हातोडी जवळ ठेवा. एसी लावून खोली कोरडी केली असेल तर उलट होतं, पान ताणतं. एसी बंद केल्यावर थोडा वेळ जाऊ द्या आणि मगच शेवटचं लावा.

पेटीही एकदा ट्यूनरवर बघा. जुन्या पेट्यांचा ए हा स्वर ठरलेल्या ४४० हर्ट्झवर असतोच असं नाही. तो ४४३ निघाला तर सुमारे १२ सेंटचा फरक झाला (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट असतात). एकट्या पेटीबरोबर गाताना कुणाला कळणार नाही, पण सॉफ्टवेअरमधली व्हायोलिनं किंवा बेस त्याखाली ठेवलात की काहीतरी आंबट लागायला लागेल. अशा वेळी सॉफ्टवेअरची वाद्यं पेटीच्या सुरात लावा, बहुतेक वाद्यांत तशी सोय असते. आणखी एक: पेटीत खर्ज (खालच्या सप्तकाचे) आणि नर (मधल्या सप्तकाचे) असे दोन्ही सूर असतील आणि गाण्यात बेसही घ्यायचा असेल तर खर्ज बंद करा. घरी एकट्याने वाजवताना भरगच्च वाटणारा आवाज मिक्समध्ये चिखल करतो. माइक पट्ट्यांच्या वरच्या बाजूने, दीडेक फुटावर, भात्यापासून लांब. भात्याचा फुसफुस आवाज आला तर माइक आणखी पुढे सरकवा, आईंना हळू भाता मारा म्हणू नका. त्याने वाजवणं बिघडतं.

तबल्याला दोन माइक मिळाले तर एक तबल्यावर, एक डग्ग्यावर, वीतभर उंचीवर, वाजवणाऱ्याच्या समोरून तिरके. दुसरा माइक एका दिवसासाठी मित्राकडून आणा, त्यासाठी खरेदी नको. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवताना एकाचा फेज सॉफ्टवेअरमधल्या बटणाने उलटा करून (म्हणजे ध्वनिलहर उलटी करून) बघा. ज्या बाजूला डग्गा भरीव वाटतो ती ठेवा. एकच माइक असेल तर दोन्हींच्या मधे, फूटभर वर, किंचित डग्ग्याकडे झुकवून. चाट आणि किनारीचा आवाज माइकपर्यंत आपणहून पोचतो, डग्ग्याची घूम पोचायला मदत लागते. आणि बसायची जागा: दहा बाय दहाच्या खोलीत सुमारे ५६ हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पटीला भिंती आपणहून घुमतात, लांबी-रुंदी सारखी असेल तर दोन्हीकडून एकाच जागी. म्हणून वादकाला कोपऱ्यात बसवू नका, अगदी मधोमधही नको. सतरंजी इकडेतिकडे सरकवत डग्ग्याचा एकेक ठोका ऐका. हातभर सरकल्यावरही फरक पडतो.

आता तुमच्या आवाजाचं बाथरूम. इथे बहुतेक जण माइकच्या मागे फोमचं अर्धगोल कवच लावतात किंवा भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवतात. ट्रेचा उपयोग जवळजवळ शून्य, कागदाचा तो पातळ लगदा, त्याने काय शोषलं जाणार? कवचाचाही थोडाच. तुमचा माइक कार्डिऑइड आहे, म्हणजे पाठीमागचं तो तसंही कमी ऐकतो. तो ऐकतो समोरचं: तुम्हाला, आणि तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत येणारा तुमचा आवाज. म्हणून जाड काही लावायचं असेल तर ते गायकाच्या पाठीमागे. पलंगावरची कापसाची गादी उभी करून कपाटाला टेकवा, बाजूला दोन खुर्च्यांवर गोधड्या टाका, त्यात पाठ करून उभ्या राहा. मांडी घालून गायची सवय असेल तर बसून गा, पण पुढ्यातल्या फरशीवर सतरंजी हवीच. मी अजूनही लोकांच्या घरी रेकॉर्डिंगला जातो तेव्हा आधी विचारतो की कापसाची गादी आहे का. हल्लीच्या पातळ फोमच्या गाद्या तेवढ्या कामाच्या नाहीत.

माइकपासून वीतभर अंतर, मधे पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी). प, फ, भ यांचा फुंकर माइकवर आदळू नये म्हणून तोंडाच्या थेट समोर न धरता माइक किंचित बाजूला, नाहीतर नाकाच्या उंचीवर. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आहे तेवढाच राहतो, म्हणून जवळ येणं हा सर्वांत स्वस्त उपाय. फार जवळ गेलात तर मात्र आवाजात खर्जाचा फुगवटा येतो. कंडेन्सर की डायनॅमिक, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत: रस्त्यालगतच्या किंवा रुळांजवळच्या घरात साधा डायनॅमिक माइक, चार बोटांवर धरून, अनेकदा सोपा पडतो. त्यात जादू नाही, तो जवळून गायलेलं सहन करतो आणि त्यामुळे गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज वाढवणं) कमी लागतो, इतकंच. तुमचा कंडेन्सर आहे तो पुरेल, फक्त इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू असू द्या.

राहिलं ते घूं. गादी-गोधड्या खोलीतला प्रतिध्वनी कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत, हे दोन वेगळे आजार आहेत. बाहेरच्यासाठी खिडकी घट्ट आणि वेळ नीट निवडणं एवढंच आपल्या हाती आहे. पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्यावर थेंब वाजायला लागले की पेटी आवरा. गणपतीचे दिवस मिक्सिंगसाठी ठेवा. दुपारी दोन ते चार सोसायटी जरा निवांत असते, तबला तेव्हा. गाणं रात्री उशिरा, शेवटच्या लोकलनंतर तर सुंदर शांतता असते, पण तेव्हा तबला वाजवलात तर शेजारी दार ठोठावतील आणि त्यांचं काही चुकणार नाही.

घरातला आवाज मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढा आणि घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तो परत लावल्याशिवाय जाताच येणार नाही. पंख्याचा आवाज एका ट्रॅकवर फारसा जाणवत नाही, म्हणून लोक तो चालू ठेवतात. पण मल्टिट्रॅकमध्ये तो प्रत्येक ट्रॅकबरोबर पुन्हा येतो. ट्रॅक दुप्पट झाले की खालची घरघर सुमारे ३ डेसिबलने वाढते, आठ ट्रॅक झाले की ९ ने. तिघांनी गायलेला कोरस आणि दोनदा वाजवलेली पेटी घेतली की आठ होतातच. तेव्हा पंख्याविना दहा मिनिटं घाम गाळायचा, मग दार उघडून हवा घ्यायची, परत दहा मिनिटं. ऑक्टोबरमध्ये हे जीवावर येतं, खरंय.

घूं एकसुरी, खालच्या पट्टीत आणि पंखा बंद केल्यावरही येत असेल तर तो विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट असू शकतो. लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबला? मग अर्थिंगचा प्रश्न आहे, जुन्या इमारतींत तो ठरलेला. तूर्त रेकॉर्डिंग बॅटरीवर करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट तपासून घ्या. प्लगची अर्थची तिसरी पिन मोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसायचा धोका आहे.

लेव्हलबद्दल थोडक्यात. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, आणि सर्वांत जोरात गाल तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल एवढाच गेन. लाल दिवा लागेपर्यंत ताणायची सवय टेपच्या काळातली, २४ बिटमध्ये कमी लेव्हलने काही बिघडत नाही. जागेची चिंताही नको: एक मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ-नऊ एमबी खातो, चार मिनिटांचं वीस ट्रॅकचं गाणं सातशे एमबीच्या आत बसतं. त्यामुळे टेक पुसू नका.

गाण्याचे तीन-चार सलग टेक घ्या, ओळ-ओळ तोडून नव्हे. मग बसून त्यातल्या चांगल्या ओळी जोडा. सांधा श्वासाच्या जागी नाहीतर त, क, प अशा कडक व्यंजनाच्या आधी द्या आणि दोन्ही तुकडे किंचित एकावर एक चढवून क्रॉसफेड करा (पहिला हळूहळू कमी, दुसरा हळूहळू वाढता). लांबलेल्या स्वरात किंवा मींडीच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याच्या) मधे जोड कधीच बसत नाही, तिथे अख्खी ओळ पंच करा (तेवढीच पुन्हा रेकॉर्ड करा), आणि पंच करताना आधीची ओळही सोबत गा, म्हणजे श्वास आणि जोर तोच राहतो. ऑटोट्यूनसारखं काही लावायचा मोह होईल. एखादा घसरलेला स्वर हाताने सावरायला हरकत नाही. सबंध आवाजावर लावलंत तर ते मींडीच्या पायऱ्या करून टाकतं आणि कोमल स्वरांची डोलणारी जागा सरळ करतं. भावगीतात मग उरतं काय?

इथवरचं तुमच्यासाठी असं: आधी ते तीन आकडे मोजा, वायरचे हेडफोन आणा, पायलट करा, मग लूपवर कच्चं गाणं, पेटी, तबला आणि शेवटी गादीला पाठ करून पक्कं गाणं. मिक्स हा वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल. तरी दोन-तीन गोष्टी. आवाजातला ८० हर्ट्झच्या खालचा भाग हायपास फिल्टरने कापा, तिथे तुमचं गाणं नाही, खालून जाणारी बस आहे. पेटी आणि आवाज एकाच मधल्या पट्ट्यात भांडतात, तेव्हा आवाज वाढवायच्या आधी पेटीत ३०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करून बघा. मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण तुमचे नव्वद टक्के श्रोते तिथेच ऐकणार असं मी धरून चालतो. डग्गा तिथे गायब होतो, त्यामुळे ठेका नुसत्या तबल्यावरही कळला पाहिजे. आणि शेवटी गाण्याचा आवाज फुगवून मोठा करायच्या मागे लागू नका. यूट्यूब फार मोठ्या आवाजाचं गाणं वाजवताना उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं माप) आसपास खाली आणतं, मग तुमच्याकडे दाबलेलं गाणं उरतं आणि मोठेपणाही जातो.

एवढं सगळं करूनही घरात तुमचा आवाज जमला नाही, असं होऊ शकतं. काही खोल्या खरंच वाईट असतात आणि काही शेजारी दिवसभर ड्रिल चालवतात. अशा वेळी नवा माइक घेण्यापेक्षा तासावर मिळणारा छोटा स्टुडिओ दोन तासांसाठी घ्या. दादर, अंधेरी, बोरिवली, ठाणे, सगळीकडे आहेत. पेटी-तबला घरचा ठेवा, फक्त गाणं तिथे करा. जाताना सगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फायलींत काढा, प्रत्येक फाइल शून्य सेकंदापासून सुरू होणारी, अगदी जो ट्रॅक दुसऱ्या मिनिटाला सुरू होतो तोसुद्धा. मग समोरच्याकडे कुठलंही सॉफ्टवेअर असो, सगळं आपापल्या जागी बसतं. चिठ्ठीवर टेम्पो, पट्टी आणि पेटीचा ए किती निघाला ते लिहून द्या. फोन करून आधी विचारा की खोलीत गायक आणि रेकॉर्डिस्ट वेगळे बसतात का, आणि तुमच्या कानात किती ट्रॅक वेगवेगळे वर-खाली करून मिळतील. पेटी जास्त आणि लूप कमी असं मागता आलं पाहिजे. "एकच मिक्स मिळेल" असं उत्तर आलं तर दुसरीकडे विचारा.